नेट स्लो आहे, कंपनी बदलू का? पुण्यातल्या घरगुती फायबरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत. करोनाच्या वर्षी सगळ्यांची ऑफिसं घरात आली तेव्हा कमिटीनं नेटचं काम माझ्या गळ्यात घातलं, ते अजून तिथंच आहे. जिन्यात, पार्किंगमध्ये, एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेतही प्रश्न एकच असतो: “ताई, नेट फार स्लो झालंय, कुठली कंपनी घेऊ?” तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी कंपनी बदलू की आधी काही तपासू?

आधी एक लॅन केबल (चौकोनी क्लिपची जाडसर वायर) शोधा. लॅपटॉप त्या केबलनं थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, बाकीच्यांना दोन मिनिटं मोबाइल खाली ठेवायला सांगा आणि स्पीड टेस्ट घ्या. वायरवर प्लॅनचा आकडा नीट येत असेल आणि बेडरूममध्ये मोबाइलवर येत नसेल, तर कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही. दुखणं घरातलं आहे.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा प्लॅन २०० एमबीपीएसचा. आतल्या खोलीत मोबाइलवर १८ यायचे. दीड वर्षात त्यांनी दोन कंपन्या बदलल्या, तरी आकडा १८-२० च्या पुढे सरकेना. मी लॅपटॉप घेऊन गेले, वायर लावली, तर १९६. राउटर कुठे? टीव्हीच्या युनिटमागे खालच्या कप्प्यात, पुढ्यात स्टीलच्या डब्यांची चळत. दोन्ही कंपन्यांच्या माणसांनी तो तिथंच बसवला होता, कारण भिंतीतलं भोक तिथं होतं. म्हणजे कंपनी दोनदा बदलली, भोक एकच राहिलं. १५ मीटर लॅन केबल घेऊन राउटर पॅसेजमध्ये वर टांगला आणि काकांची तक्रार संपली. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त याच जातीच्या असतात.

प्लॅन १०० चा, पण फाइल उतरताना १२ च दिसतात. फसवणूक आहे का?

नाही. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आणि डाउनलोडच्या खिडकीतला बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट. १०० ला ८ नं भागा, साडेबारा येतात. एक जीबीची फाइल ८० सेकंदांत किंवा थोड्या जास्त वेळात उतरली, तर तुमचे १०० पूर्ण मिळताहेत.

वायर लावूनही ९४ च्या वर जात नाही. प्लॅन तर ३०० चा आहे.

९४-९५ हा आकडा दिसला की मी कंपनीला फोन करत नाही, वायर बघते. स्वस्त किंवा जुन्या राउटरचे लॅन पोर्ट १०० चेच असतात आणि थोडी कपात होऊन ९४ च्या आसपास थांबतात. राउटर गिगाबिटचा, म्हणजे १००० चा, असेल तर केबलचं टोक बघा. आत आठ तारा असतात. १०० साठी त्यातल्या चार पुरतात, त्याच्या वरचा वेग हवा तर आठही धड लागतात. क्लिप घाईत मारली असेल आणि एखादी तार नीट बसली नसेल, तर नेट चालू राहतं, पण ९४ वर अडतं. प्लॅन १०० वरून ३०० वर नेलेल्या घरांत हे इतकं सर्रास दिसतं की लोक महिनोन् महिने जादा पैसे भरतात आणि जुनाच वेग वापरतात.

राउटर ठेवायचा कुठे? आणि २.४ आणि ५ ही काय भानगड आहे?

घराच्या मध्याजवळ, छातीच्या वर, मोकळ्यावर. फ्रिजमागे नाही, फिश टँकजवळ नाही, लोखंडी कपाटावर तर नाहीच. आरसाही अडवतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

हे वायफायचे दोन पट्टे आहेत. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, भिंतीही बऱ्यापैकी पार करतो, पण वेग कमी. शिवाय त्याच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या जिन्यात मोबाइल उघडला की वीस-बावीस वायफायची नावं दिसतात. ती सगळी या तीन चॅनलांत कोंबलेली आहेत, वर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, वेग जास्त, पण दोन भिंती आल्या की दमतो. म्हणून टीव्ही, लॅपटॉप ५ वर ठेवा आणि गॅलरीतला कॅमेरा, स्मार्ट बल्ब २.४ वर.

सदाशिव, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत हात-दीड हात जाडीच्या भिंती असतात. माझ्या माहेरी राउटर ओटीवर आहे आणि माजघरात मोबाइलला रेंजची एक काडी. तिथं महागातला आठ अँटेनांचा राउटर आणूनही काही होत नाही. भिंतीला भोक पाडून लॅन केबल आत न्यायची आणि तिथं दुसरा राउटर लावायचा. मेश (एकच वायफाय मिळून पसरवणारे दोन-तीन राउटर) घेतलात तरी त्याचे दोन डबे शक्यतो वायरनं जोडा. नुसता हवेतला मेश जाड भिंतीपलीकडे गेला की तोही अर्धमेला होतो. रिपीटर नावाचं जे हजार रुपयांत मिळतं, ते मिळालेला कमकुवत सिग्नलच पुढे ढकलतं. मी घेऊन माळ्यावर टाकलेला आहे, हवा असेल तर घेऊन जा.

दिवसभर ठीक असतं, रात्री नऊ ते अकरा झोपतं. असं का?

ही मात्र कंपनीची बाजू असू शकते. घरगुती फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचं, म्हणजे एका तंतूवर अनेक घरं असं, असतं. एक्सचेंजकडून निघालेल्या एका काचतंतूवर खाली येताना जवळपास २.५ गिगाबिट असतात आणि वर जाताना त्याच्या निम्मे. वाटेत स्प्लिटरचा डबा येतो. तो प्रकाशाचे ३२ वाटे करतो, काही ठिकाणी ६४. सगळे ३२ जण एकाच क्षणी पूर्ण ताकदीनं ओढायला लागले, तर प्रत्येकाला ७७-७८ एमबीपीएस पडतील. पण असं होत नाही. कुणी चहा पीत असतो, कुणी नुसता मेसेज वाचत असतो. त्यामुळे हा शेवटचा टप्पा सहसा पुरतो.

तुंबतं ते त्याच्या मागं. एरियातल्या ऑपरेटरनं शेकडो घरांना कनेक्शनं दिली, पण वरून घेतलेली मोठी लाइन तेवढीच ठेवली, की रात्री जेवणं आटोपून सगळे टीव्हीपुढे बसले की दांडेकर पुलावर संध्याकाळी ट्रॅफिकचं होतं तसं होतं. तपासायचं तर तीन दिवस, सकाळी ७ आणि रात्री १०, वायरनं टेस्ट घ्या आणि आकडे कागदावर लिहा. सकाळी ९५ आणि रात्री २० असं तिन्ही दिवस आलं, तर राउटर हलवून काही होणार नाही. तक्रार करा, कागद दाखवा. महिन्याभरात फरक पडला नाही तर खुशाल बदला.

स्पीड टेस्ट पूर्ण येते, पण मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो.

स्पीड टेस्टचं ॲप बहुधा जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो अनेकदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. घरच्या अंगणात धावून मॅरेथॉनची वेळ काढण्यासारखं आहे ते. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, म्हणून दोन्ही करून बघा. सर्व्हर मुद्दाम मुंबईचा, मग सिंगापूरचा निवडूनही बघा.

मीटिंगला वेग फार लागत नाही, चांगल्या व्हिडिओ कॉललाही तीन-चार एमबीपीएस पुरतात. लागतो तो पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, कमी आणि स्थिर. पुण्याहून मुंबईचा पिंग पाच-दहा मिलिसेकंदांत यायला हवा. तो मधूनच १५०-२०० ला उडत असेल तर तोंड हलतं आणि आवाज मागून येतो. अमेरिकेतल्या सर्व्हरला २०० च्या वर लागतात. तिथं कंपनीचा दोष नाही, प्रकाशालाच तेवढं अंतर कापायला वेळ लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटल्या तेव्हा युरोपकडचा पिंग आणखी वाढला होता. हिंजवडीतल्या ऑफिसांपासून आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे राउटर बंद-चालू करत बसले होते.

घरातलं एक कारण मात्र फार फसवं आहे. माझ्या मीटिंगा रोज साडेसहाला तुटायच्या. पंधरा दिवस मी कंपनीशी भांडले. मग लक्षात आलं, मुलगा क्लासहून त्याच वेळी येतो, मोबाइल चार्जिंगला लावतो, आणि चार्जिंगला लावला की त्याचे फोटो आणि व्हिडिओ वर चढायला सुरुवात होते. वर जाणारी वाट भरली की माझा आवाज रांगेत मागे. त्याचं बॅकअप रात्री दोनला टाकलं. कंपनीची माफी मात्र मागितली नाही.

डीएनएस बदलला की वेग वाढतो असं ऐकलं.

वेग नाही वाढत. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यादी. पान उघडताना सुरुवातीला क्षणभर अडतं, ते कदाचित कमी होईल. करायचं तर करा, पैसे लागत नाहीत.

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागलाय.

एलओएस लिहिलेल्या जागी लाल दिवा म्हणजे प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतच नाही. राउटर रिसेट करत बसू नका. आधी पिवळी किंवा पांढरी बारीक वायर बघा. कपाटामागे चेपली आहे का? झाडू मारताना वळली आहे का? आतली काच आहे, तिला करंगळीएवढ्या वळणातही त्रास होतो. गच्चीवरून येणाऱ्या काळ्या वायरी खारी आणि उंदीर कुरतडतात. रस्त्यावरच्या लोंबत्या केबली तर कुणाच्याच बापाच्या नसतात. झाडं छाटताना तुटतात, खोदाईत तुटतात, गणपतीच्या आधी कमानी उभ्या राहताना कुणीतरी त्या बाजूला ओढतं.

दिवा हिरवा आहे पण नेट मधूनच जातं, अशा वेळी नेटवाल्याला “पॉवर किती येतेय?” एवढंच विचारा. तो चपापतो आणि नीट मोजतो. हा आकडा डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं माप), उणे असतो. उणे १५ ते उणे २४-२५ च्या आसपास झकास. उणे २७ च्या खाली गेलं की कनेक्शन काठावर आहे. दर ३ ला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे उणे १९ वरून उणे २८ म्हणजे आठवा हिस्सा उरला. आमच्या ए विंगमध्ये एका घरी उणे २९ होते, कारण आधीच्या माणसानं हिरव्या कनेक्टरच्या जागी निळं घुसवलं होतं. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मधून प्रकाश गळतो. कनेक्टर बदलल्यावर उणे २१ आले. हे काम दहा मिनिटांचं होतं आणि त्या घरानं चार महिने त्रास काढला होता.

वायर काढून टोकात डोळा घालून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही. दिसतो तो लाइनमनच्या तपासणीच्या टॉर्चचा लाल.

गुरुवारी लाइट गेली की नेटही जातं. राउटरला यूपीएस आहे, तरीही!

मग तुमच्याकडे आलंय ते बहुधा घरापर्यंतचं फायबर नाही. स्थानिक केबलवाले बऱ्याचदा फायबर इमारतीपर्यंत आणतात, मीटर रूममध्ये किंवा गच्चीवर एक स्विच बसवतात आणि तिथून प्रत्येक घरात जाडसर लॅन केबल सोडतात. महावितरणनं देखभालीसाठी वीज बंद केली की तो स्विच मरतो, मग तुमचा यूपीएस काय करणार? खऱ्या जीपॉनच्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, त्यामुळे एक्सचेंजकडं वीज असेल तर घरातल्या दीड-दोन हजारांच्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर नेट चालू राहतं. ओळखायचं सोपं आहे. बोरूच्या काडीहून बारीक वायर येऊन आधी छोट्या डब्यात जात असेल तर फायबर, लँडलाइनपेक्षा जाड, चौकोनी क्लिपची निळी-करडी वायर थेट बाहेरून येत असेल तर लॅन. दुसरी पद्धत वाईटच असं नाही, पण “फायबर” म्हणून पैसे घेताना सांगायला हवं.

बरं, तपासलं सगळं. आता कंपनी कुठली घेऊ?

नाव सांगत नाही, कारण खरं उत्तर तुमच्या जिन्यात आहे. जिओ, एअरटेल, बीएसएनएल, टाटा प्ले, हॅथवे, शिवाय प्रत्येक भागात दोन-चार स्थानिक. यातली एकच कंपनी कोथरूडला उत्तम आणि धायरीला रडकी असू शकते. जाहिरात शहराची असते, वायर गल्लीची.

म्हणून इमारतीत कुणाचे डबे आहेत ते बघा. ज्या घरी ती कंपनी आहे त्या घरी रात्री दहाला जाऊन वायरनं टेस्ट घ्या. लोक आनंदानं घेऊ देतात, चहाही देतात. मग विचारा, मागच्या वेळी नेट गेलं तेव्हा माणूस किती वेळात आला. त्या लाइनमनचा नंबर आहे का, की फक्त कॉल सेंटर? दोन कंपन्यांत वेग सारखा असेल तर मी डोळे मिटून ज्याचा लाइनमन जवळ राहतो ती घेते. केबल तुटणार हे धरून चाला. कधी जोडली जाते, याचेच पैसे तुम्ही देता.

दाखवलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा. अपलोड डाउनलोडइतकाच आहे का विचारा. राउटर तुमचा की डिपॉझिटवर, तो गिगाबिटचा आणि ५ गिगाहर्ट्झचा आहे का, हेही. गावच्या घरातून पुण्याचा कॅमेरा थेट बघायचा असेल किंवा मुलगा घरी सर्व्हर चालवत असेल, तर सीजीनॅटबद्दल विचारा. म्हणजे बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देतात. मग बाहेरून आत शिरता येत नाही आणि स्टॅटिक, म्हणजे स्वतःच्या कायमच्या, आयपीचे वेगळे पैसे पडतात.

आणि पहिल्यांदाच वर्षाचे पैसे भरू नका. मी भरलेत. एका स्थानिक नेटवाल्यानं बारा महिन्यांवर दोन महिने फुकट दिले. पाचव्या महिन्यात त्यानं त्याची सगळी लाइन दुसऱ्याला विकली. नवा म्हणाला, “मॅडम, तुमचे पैसे त्यांच्याकडं, आमच्याकडं एंट्रीच नाही.” जुना फोन उचलेना. आधी दर महिन्याला भरा, एक पावसाळा जाऊ द्या, मग हवं तर सहा महिन्यांचं घ्या.

किती स्पीड पुरेल?

नेटफ्लिक्सच फोरकेला १५ एमबीपीएस मागतं, साध्या फुल एचडीला ५. दोन टीव्ही, दोन ऑफिसं आणि एक क्लास असलेल्या घराला १०० भरपूर झाले. ३०० घेऊन पूर्वीसारखाच २.४ वर मोबाइल चालवणारी घरं मी मोजणं सोडलंय.

अनलिमिटेड म्हणजे खरंच अनलिमिटेड का?

बारीक अक्षरांत मर्यादा असते, मोठ्या कंपन्यांत महिना ३३०० जीबी ही नेहमीची. म्हणजे दिवसाला ११० जीबी, साध्या घराला पुरून उरतात. स्थानिकांच्या स्वस्त प्लॅनमध्ये मात्र ती बरीच कमी असू शकते. मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो ते लेखी घ्या. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात, यावरून सरकारी अपेक्षा किती माफक आहे ते कळेल.

एअरफायबर कसं?

नावात फायबर, पण घरापर्यंत येतं हवेतून, ५जीवर. १९ सप्टेंबर २०२३ ला जिओनं ते आठ शहरांत आणलं त्यात पुणं होतं. जिथं वायर ओढायला वर्ष लागेल अशा नव्या इमारतींत चांगला आधार. चांगली वायर मिळत असेल तर वायरच घ्या.

बिल्डरनं एकाच कंपनीला आत येऊ दिलंय. काय करायचं?

सोसायटी रजिस्टर होऊन बिल्डरनं कारभार सोपवला की डक्ट (वायरी न्यायची उभी पोकळी) आणि मीटर रूम सोसायटीच्या ताब्यात येतात. सभेत ठराव करा की दुसऱ्या दोन कंपन्यांना परवानगी द्यावी. आम्ही तिसरी कंपनी आणली तशी पहिलीची माणसं अचानक तासाभरात यायला लागली. वायरी मात्र डक्टमधूनच न्यायला लावा आणि प्रत्येकीवर फ्लॅट नंबरची चिठ्ठी, नाहीतर पेंटरचा माणूस कुठली कापेल नेम नाही.

कंपनी दाद देत नाही. पुढे?

फोनवर तक्रार केलीत तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय ठेवू नका. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. ठरलेल्या मुदतीत निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. पत्ता वेबसाइटवर असावाच लागतो. त्यांना निकालासाठी ३९ दिवस. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, नियम करतं, तुमची एकट्याची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथं पत्र लिहून वाट बघू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैशाचा वाद असेल तर जिल्हा ग्राहक आयोग मोकळा आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथं चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तीन दिवसांचा तो सकाळ-रात्रीचा कागद इथं कामाला येतो.

जुनं कनेक्शन कधी तोडू?

मोबाइलसारखी इथं पोर्टिंगची सोय नाही. नवं लागल्यावर आठवडाभर दोन्ही चालू ठेवा, एक शनिवार-रविवार मध्ये यायलाच हवा. जुन्या राउटरच्या पाठीवरचा सिरियल नंबर फोटोत घ्या आणि परत देताना पावती मागा. आमच्याकडे बी विंगमध्ये एकांना राउटर परत करून आठ महिन्यांनी त्याच राउटरचे पैसे भरा म्हणून नोटीस आली. घेऊन गेलेला मुलगा नोकरी सोडून गेला होता. त्यांच्याकडे पावती नव्हती, पण वॉचमनच्या वहीत त्या मुलाची सही आणि “राउटर घेऊन गेला” अशी नोंद सापडली.